दुसरा सांधा

चूक ज्या क्षणीं घडते त्याच क्षणीं ती उघडकीस आली असती, तर घराघरांतील निम्मे तंटे उत्पन्नच झाले नसते. परंतु पुष्कळ चुका घडल्यावर कित्येक दिवस मुकाट्यानें बसून राहतात. आणि त्या बाहेर पडतात तेव्हां जवळ जो कोणी सांपडेल त्याच्या माथीं त्यांचा दोष मारला जातो. हें ज्ञान आम्हांस कोणत्याही ग्रंथांत मिळालें नाहीं. तें आम्हांस एका खेळण्यांतील आगगाडीच्या रुळानें शिकविलें, आणि त्यापायीं आमच्या धाकट्या भावास तीन दिवस अश्रू ढाळावे लागले. ती हकीकत या अंकाच्या वाचकांस आज सादर करीत आहों.

आमचें गांव जेऊर. सोलापूर जिल्ह्यांत या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. आमचें तें करमाळें तालुक्यांतील, स्टेशनचें जेऊर. मुंबईहून निघालेला लोहमार्ग दौंड, भिगवण, पारेवाडी करीत येथें येतो व पुढें केम, कुर्डुवाडीवरून सोलापुरास जातो. १८६० सालीं आगगाडी सोलापुरास पोहोंचली. तेव्हांपासून या माळरानानें इंजिनांच्या सर्व पिढ्या पाहिल्या आहेत: कोळशाचीं, डिझेलचीं, आणि आतां विजेचीं. करमाळ्यास जाणारा उतारू अद्यापि येथेंच उतरतो. उजनीच्या जलाशयामुळें आसपास ऊस आणि केळी पिकूं लागली, तरी उन्हाळा आला कीं रूळ हात लावूं देत नाहींत. आमचे आजोबा, ज्यांस घरीं व गल्लींत सर्व जण आबा म्हणत, रेल्वेच्या सिग्नल खात्यांत खलाशी म्हणून लागले व मेंटेनर होऊन निवृत्त झाले. नोकरी सुटली तरी कान स्टेशनाकडेच असत. गाडी वेळेवर आली नाहीं, तर त्यांस जेवण गोड लागत नसे.

आम्ही इयत्ता सातवींत असतां शाळेची सहल पुण्यास गेली होती. तेथें कोथरूड भागांत जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालापासून आहे. बोटभर उंचीचे सिग्नल आणि विजेच्या जोरावर धांवणाऱ्या चिमुकल्या गाड्या पाहून आम्ही इतके मोहून गेलों कीं, महिनाभर दुसरा विषय आमच्या तोंडीं नव्हता. आमचें तें वेड मुंबईच्या मामांच्या कानीं गेलें, आणि दिवाळींत एक खोकें घरीं आलें. त्यांत एक इंजिन, तीन डबे, विजेची पेटी आणि रुळांचे वीस तुकडे होते. बारा वांकडे व आठ सरळ.

ज्यांनीं अशी गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जेऊर स्टेशनांतील दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे. आमच्या खेळण्यांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे खऱ्याचा सुमारें शंभरावा हिस्सा. घरगुती २३० व्होल्टची वीज पेटींत उतरून १२ व्होल्टची होते, आणि पेटींतून दोन तारा निघतात. एक बाहेरच्या रुळास, दुसरी आंतल्या रुळास. इंजिनाचीं चाकें धातूचीं असतात. तीं एका रुळावरील वीज उचलतात, ती मोटरींतून जाते, आणि दुसऱ्या रुळावरून पेटीकडे परतते. येणें एका रुळानें, जाणें दुसऱ्यानें. म्हणून खेळण्यांतील रूळ हा नुसता मार्ग नव्हे. तो गाडीचा अन्नदाताही आहे. रुळाच्या टोंकास पत्र्याची एक बारीक चिमटी असते. पुढील तुकड्याचें टोंक तींत घट्ट सरकवावें लागतें. वीस तुकडे वर्तुळाकार जोडले कीं दोन्ही रुळांचे मिळून चाळीस सांधे होतात. या चाळिसांपैकीं प्रत्येक सांधा शाबूत असेल तरच गाडी चालते, अशी आमची तेव्हां समजूत होती. ती किती चुकीची होती तें पुढें दिसेलच.

नाताळच्या सुट्टींत आम्ही बोर्डिंगांतून घरीं आलों, आणि माळ्यावरचें एक जुनें दार खालीं काढून दोन ट्रंकांवर आडवें टाकलें. त्यावर एका सकाळीं, न्याहारीस हांक येण्यापूर्वीं, आम्हीं एकट्यानें घाईघाईनें सारे रूळ जोडून खिळविले. एका बाजूस पुठ्ठ्याचें जेऊर स्टेशन झालें, समोरच्या बाजूस पारेवाडी. धाकटा भाऊ तेव्हां सहा वर्षांचा होता. त्यास आम्हीं गार्डाची जागा दिली. आईच्या शिवणांतील हिरव्या खणाचा तुकडा हातांत घेऊन तो प्रत्येक फेरीस निशाण दाखवी. चार दिवस गाडी निर्वेध धांवली. गल्लींतील मुलें दाराशीं रांग लावून पाहत, आणि आम्ही स्टेशनमास्तरांच्या ऐटींत वावरत असूं.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं आमच्या मनांत आलें कीं, खऱ्या लोहमार्गास खडी असते, ती आपल्या मार्गास कां नसावी? ओढ्यांतील वाळू चाळून आणिली, रुळांभोंवतीं पसरली, आणि पांढरा गोंद पाण्यांत पातळ करून चमच्यानें तीवर सोडला. सकाळपर्यंत वाळू दगडासारखी घट्ट बसली. परंतु त्या दिवशीं सकाळपासून गांवांत वीज नव्हती. गाडी चालवून पाहतां आली नाहीं, आणि आम्ही मित्रांबरोबर नदीकडे गेलों.

दुपारीं धाकट्याच्या मनांत आलें कीं, दादानें जेऊर केलें, पारेवाडी केली, पण उजनी कोठें आहे? त्यानें एका ताटलींत पाणी घेऊन ती पारेवाडीजवळ रुळाशेजारीं ठेविली. ताटली कलली, पाणी सांडलें, वाळू ओली झाली. त्यानें तें आपल्या सदऱ्यानें पुसलें.

संध्याकाळीं वीज आली. आई, शेजारच्या काकू, मुलें, सर्व जमलीं. आम्हीं कळ फिरविली. गाडी जेऊराहून दिमाखानें निघाली, वळण घेऊन पारेवाडीकडे गेली, आणि बरोबर त्या ओल्या वाळूपाशीं थांबली. ढकललें तरी चालेना. शेजारीं एक वायरमन राहत असत. त्यांस हांक मारली. त्यांनीं आपल्या मीटरच्या दोन सुया तेथील दोन रुळांस लाविल्या. मीटरनें बारा व्होल्ट दाखविले. "रुळांत वीज पुरी आहे," ते म्हणाले, "इंजिनच गेलें म्हणायचें. पाणी शिरलें असेल."

मग काय विचारतां! निकाल लागला. धाकटा म्हणाला, "दादा, पाणी रुळाला लागलें नाहीं. मीं लगेच पुसलें." त्याचें आम्हीं एक अक्षर ऐकून घेतलें नाहीं. त्याच्या पाठींत एक धपाटा घातला, त्याच्या हातांतील हिरवें निशाण काढून घेतलें, इंजिन ट्रंकेंत बंद केलें, आणि त्यास त्या खोलींत पाऊल टाकण्याची मनाई केली. आईनें समजाविलें, पण आम्हीं तिच्याशींही बोलणें टाकिलें. तीन दिवस तो उंबऱ्याबाहेर बसून असे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही उठलों, तों उशाशीं त्याचा खाऊच्या पैशांचा डबा होता. आंत सत्तेचाळीस रुपये होते. आईस तो सांगत होता, "दादाला म्हणावें, नवें इंजिन आण."

त्याच दिवशीं आबा कुर्डुवाडीहून आत्याकडचा मुक्काम आटोपून परत आले. सर्व हकीकत त्यांनीं शांतपणें ऐकली, आणि एकच प्रश्न केला.

"इंजिन दुसऱ्या ठिकाणीं ठेवून पाहिलेंस का?"

"नाहीं, आबा."

"मग तें गेलें हें ठरविलें कोणीं?"

ट्रंक उघडून आम्हीं इंजिन आणिलें व जेऊर स्टेशनाशीं ठेवून कळ फिरविली. तें सुरळीत धांवूं लागलें, आणि पारेवाडीशीं जाऊन पुन्हां थांबलें. पाण्यानें इंजिन गेलें नव्हतें. आमच्या कानांची पाळ लाल झाली; पण अभिमान असा कीं आम्ही म्हणालों, "मीटरनें तर बारा व्होल्ट दाखविले होते!"

आबांनीं त्यावर नळाचा दाखला दिला. तुंबलेल्या नळाच्या तोटीस बोट दाबून धरलें, तर पाण्याचा जोर पुरा लागतो. पण तोटीखालीं कळशी लावली तर ती भरत नाहीं. मीटर म्हणजे तें बोट. तो जवळजवळ कांहींच वीज घेत नाहीं. म्हणून एखादा सांधा केसाएवढा टेंकलेला असला तरी मीटर पुरे बारा दाखवितो. इंजिनास मात्र कळशी भरून हवी असते. "सांध्याची परीक्षा ओझें घालून करावी, बाळ, रिकाम्या हातानें नाहीं," असें म्हणून त्यांनीं जुन्या स्कूटरचा बारा व्होल्टचा दिवा शोधून आणिला व त्यास दोन तारा जोडल्या.

मग खडूनें तुकड्यांवर एक ते वीस आंकडे घातले. पेटीच्या तारा पहिल्या तुकड्यास होत्या. दिव्याच्या दोन तारा दोन रुळांस लावीत आम्ही पुढें सरकलों. आठव्या तुकड्यापर्यंत दिवा लख्ख लागला, नवव्यावर विझला. मग उलट्या अंगानें, विसाव्यापासून मागें आलों. बाराव्यापर्यंत लख्ख, अकराव्यावर अंधार. म्हणजे नऊ, दहा व अकरा हे तीन तुकडे उपाशी होते. दोष कोणत्या रुळांत आहे हें पाहण्यासाठीं आबांनीं दिव्याची एक तार नवव्या तुकड्याच्या आंतल्या रुळास व दुसरी आठव्याच्या बाहेरच्या रुळास लाविली. दिवा लागला. आंतला रूळ निर्दोष ठरला; दोष बाहेरच्या रुळाचा, आणि तोही दोन ठिकाणीं.

आठ-नऊचा सांधा भिंगांतून पाहिला. रूळ चिमटींत शिरलाच नव्हता. तिच्या डोक्यावर नुसता टेंकला होता. पहिल्या दिवशीं न्याहारीपूर्वींची आमची घाई! अकरा-बाराच्या सांध्यांत गोंद शिरून वाळला होता. ती आमची खडी. ओल्या वाळूचा डाग दहाव्या तुकड्याच्या मध्यावर होता, आणि तेथें सांधाच नव्हता.

"पण आबा," आम्हीं विचारलें, "आठ-नऊचा सांधा पहिल्या दिवसापासून वाईट, तर गाडी चार दिवस चालली कशी?"

"रूळ गोल आहे ना?" आबा म्हणाले. "विजेला दोन वाटा आहेत. एका अंगानें वाट मोडली, कीं ती दुसऱ्या अंगानें फिरून येते. पहिला सांधा तुटला तेव्हां इतरांनीं त्याचें ओझें उचललें, म्हणून तुला कळलें नाहीं. दुसरा तुटला तेव्हां मधले तिघे उपाशी पडले."

आम्हीं आठ-नऊचा रूळ नीट चिमटींत बसविला. तत्काळ तिन्ही तुकड्यांवर दिवा लागला. गाडी पारेवाडी ओलांडून गेली. आम्ही टाळी वाजविणार, इतक्यांत आबांनीं कळ बंद केली. "थांब. दुसरा सांधा अजून वाईटच आहे. गाडी चालते म्हणून तो बरा झाला नाहीं. तो फक्त लपला."

तो दुसरा सांधा दुरुस्त करण्यास अर्धा दिवस लागला. कोमट पाण्याचा बोळा ठेवून गोंद मऊ केला, आगपेटीच्या काडीनें कोरून काढला, आणि टोंकें स्पिरिटच्या फडक्यानें पुसलीं. खरखरीत कागदानें रूळ घांसूं दिला नाहीं. चरे पडले कीं त्यांत मळ सांठतो. सैल झालेली चिमटी पकडीनें हलकेंच दाबून घट्ट केली. मग आबांनीं दोन्ही रुळांच्या बाहेरील कडेस कथलाचा डाक देऊन बारीक तारा जोडल्या, त्या दारास भोंक पाडून खालीं नेल्या, आणि पेटीची वीज वर्तुळाच्या समोरच्या बाजूसही पोहोंचविली. बाहेरच्या रुळाची तार बाहेरच्यास, आंतल्याची आंतल्यास. त्यांची अदलाबदल झाली तर वीज रुळांतच आदळते, हेंही बजाविलें. सर्वच सांध्यांस डाक द्यावा अशी आमची हौस होती. ती त्यांनीं मोडली. धातु उष्णतेनें वाढतो. तेरा मीटरचा पोलादी रूळ तीस अंशांनीं तापला तर साडेचार मिलिमीटर लांबतो. आमच्या लहान रुळासही जेऊरच्या वैशाखांत आपल्या मानानें जागा हवी. कांहीं सांधे हलते ठेवावे, आणि विजेसाठीं तारेची निराळी वाट करावी, हा त्यांचा दंडक.

संध्याकाळीं आबांनीं आम्हां दोघां भावांस स्टेशनावर नेलें. धाकटा त्यांचें बोट धरून पलीकडून चालत होता. आमच्याकडे पाहत नव्हता. फलाटाच्या टोंकाशीं, रेघेच्या आंत उभे राहून, आबांनीं रुळांच्या एका सांध्याकडे बोट दाखविलें. फिशप्लेटीच्या बाजूनें एक जाड तार एका रुळापासून दुसऱ्यास जोडलेली होती. "हीच ती तुमची तार," ते म्हणाले.

मग त्यांनीं आपल्या उभ्या आयुष्याचें काम आम्हांस समजाविलें. रुळांच्या ठराविक लांबीस एका टोंकानें मंद वीज देतात. दुसऱ्या टोंकास रिले नांवाचें एक यंत्र असतें. वीज रुळांतून त्यास पोहोंचते, तोंवर तें उचललेलें राहतें. गाडी आली कीं तिचे आंस दोन्ही रूळ जोडतात. वीज वाटेंतूनच परतते, रिले खालीं पडतो, आणि सिग्नल तांबडा होतो. १८७२ सालीं अमेरिकेंतील विल्यम रॉबिन्सन यानें ही युक्ति काढली. तिचें मर्म असें कीं, सांध्यावरील तार तुटली, वीज खंडली, तरीही रिले पडतोच. गाडी नसतांना सिग्नल तांबडा होतो. ड्रायव्हर वैतागतो, उतारू बोल लावतात, मेंटेनरला भर पावसांत कंदील घेऊन धांवावें लागतें. पण अपघात होत नाहीं.

"तुझा रूळ गोल होता," आबा आम्हांस म्हणाले, "म्हणून त्याला चूक लपवितां आली. आमचा रूळ चुकला कीं स्वतःच तांबडा दाखवितो. म्हणून त्याच्या भरंवशावर माणसें गाडींत झोंपतात."

एवढें बोलून ते गप्प झाले. आमच्यावर त्यांनीं ठपका ठेविला नाहीं. ठेविला असता तर बरें झालें असतें. पहिला सांधा आमचा, दुसराही आमचाच. आणि गाडी चालूं लागल्यापासून आमच्या मनांत काय चाललें होतें, तें येथें कबूल केलें पाहिजे. आतां गाडी चालतेच आहे, धाकटा दोन दिवसांत विसरेल, बोलण्याचें कारण काय, असें आम्ही स्वतःस समजावीत होतों. म्हणजे दुसरा सांधा तसाच ठेवून आम्ही टाळी वाजविणार होतों.

दूर केमच्या बाजूस गाडीची शिटी ऐकूं आली. आम्ही धाकट्यापुढें गुडघ्यांवर बसलों आणि म्हणालों, "चूक माझी होती. दोन्ही सांधे मींच बिघडविले. तूं खरें बोलत होतास." खिशांतून त्याचा डबा काढून त्याच्या हातीं दिला. त्यानें तो हलवून पाहिला, नाणीं वाजलीं, आणि मग त्यानें विचारलें, "दादा, मग मी परत गार्ड होऊं?" आम्हांस उत्तर देववेना. हिरवा खण तेवढा पुढें केला. एक्स्प्रेस धूळ उडवीत फलाटावरून गेली, आणि आमच्या गार्डानें तीस संपूर्ण निशाण दाखविलें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं अशी गाडी असेल व ती थांबली, तर प्रथम इंजिन दुसरीकडे ठेवून पाहा. मीटरवर न विसंबतां दिवा लावून सांधा शोधा. आणि एक सांपडला म्हणून शोध थांबवूं नका. काम पेटीच्या बारा व्होल्टवरच करा. घरच्या विजेच्या तारांस हात घालूं नका. आणि खऱ्या लोहमार्गाजवळ तर खेळावयास कधींच जाऊं नका, कारण जेथें विजेचीं इंजिनें धांवतात तेथें डोक्यावरील तारेंत पंचवीस हजार व्होल्ट असतात.

आबा आतां हयात नाहींत. तो स्कूटरचा दिवा आमच्या मेजाच्या खणांत आहे. घरांत कोणाची चूक काढण्याचा प्रसंग आला, म्हणजे आम्ही आधीं तो खण उघडतों.